सहा वर्षांचा सासरा

इवालूच्या मुलाला घरात कुणी मुलगा म्हणत नसे. बाप त्याला 'बाबा' म्हणायचा, आजी 'अहो' म्हणायची, आणि जिनं त्याला जन्म दिला ती इवालू त्याला 'मामंजी' म्हणायची. तिच्या सासऱ्यांचं नाव तुलुगाक. ते वसंतात वारले, पोर त्याच उन्हाळ्यात जन्मलं, त्याला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे तेच परत आले. यात कुणाला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. घोटाळा व्हायचा तो फक्त पोलिसाचा. तो अधूनमधून तंबूतंबूत माणसं मोजत फिरायचा.

"हा मुलगा कुणाचा, म्हणून विचारतायत," दुभाष्या म्हणायचा.

"मुलगा कसला," म्हातारी आर्नालुक म्हणायची. "माझा नवरा आहे. विचार त्या पोलिसाला, बायको नाही का त्याला घरी?"

पोलीस टोपी मागं सारून डोकं खाजवायचा. मग चहा प्यायचा आणि जायचा.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मामंजींचे समोरचे दोन दात पडले होते. पहिल्या खेपेलाही हेच दोन आधी पडले होते, असं आर्नालुक ज्याला त्याला तोंड उघडून दाखवत सांगायची. तोंड अर्थात मामंजींचं.

अशा मुलाला कुणी रागवत नाही. रागावणार कुणाला? त्यानं टोपी घातली नाही तर त्याला थंडी वाजत नसेल. झोपला नाही तर झोप आली नसेल. पहिल्या आयुष्यात तुलुगाक वस्तीचे कर्ते होते. मुक्काम कधी हलवायचा, कुठल्या अंगानं जायचं, हे ते सांगत आणि बाकीचे ऐकत. ती सवय मोडलेली नव्हती. शिकारीला निघताना इवालूचा नवरा कुमाक कुत्र्यांचे पट्टे नीट करता करता विचारायचा, "बाबा, आज कुठल्या बाजूला?" बाबा नाक वर ओढून कुठंतरी बोट दाखवायचे. त्या बाजूला सील मिळाला तर ती म्हाताऱ्याची नजर. नाही मिळाला तर वारा फिरला होता.

वस्तीला सरकारनं दिलेलं एक नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक नुसतं 'इथं' म्हणत. इथं म्हणजे मागं काळा डोंगर, पायाखाली खडी आणि समोर बर्फ. सूर्य शरद सरताना जायचा तो हिवाळा संपत आल्यावर परत यायचा. काही तंबू, त्यापलीकडं पोलिसाची लाकडी खोली, आणि त्याच्याही पलीकडं नुसती जमीन. कुत्र्यांची गाडी जोडून महिनाभर गेलं तरी दुसऱ्या माणसाचा धूर दिसत नसे. 'तिकडं' म्हणजे दूर दक्षिणेला, जिथून त्यांना आणलं तो किनारा. तिकडं नदी होती. उतारावर शरदात काळी फळं धरायची, बेटांवर बदकांची अंडी मिळायची, अंथरायला आणि जाळायला खुरटी झुडपं असायची. आणि तिकडं इवालूची आई होती, निंगिउक. जहाजावर चढताना ती किनाऱ्यावर उभी राहून म्हणाली होती, "दोनच वर्षं ना? मग मी दात सांभाळून ठेवते. आल्यावर तुझे कडक झालेले कातडी बूट मीच चावून मऊ करीन."

दोन वर्षांचं बोलणं सरकारी माणसानं केलं होतं. उत्तरेला शिकार भरपूर आहे, राहून बघा, नाही आवडलं तर परत आणू. तुलुगाक आधी गप्प राहिले. तो माणूस पुन्हा आला, पुन्हा विचारलं. मोठ्या माणसानं समोर उभं राहून तीन वेळा विचारलं तर त्याला नाही म्हणणं या लोकांत बरं दिसत नाही. तुलुगाक हो म्हणाले आणि त्यांच्या मागून सगळे आले. सरकारला रिकाम्या जमिनीवर माणसं हवी होती, असं लोक पुढं बोलू लागले. तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन वर्षं झाली. तुलुगाकनी पोलिसाला विचारलं. पोलिसानं वर विचारलं. वरून उत्तर आलं की आता जहाज त्या बाजूला जात नाही; त्यापेक्षा तुमच्या नातेवाइकांनाच इथं बोलवा. पुढच्या वर्षी तेच उत्तर आलं. तुलुगाक रोज डोंगराच्या सोंडेवर जाऊन दक्षिणेकडं तोंड करून बसायचे.  चौथ्या वसंतात एक दिवस ते सोंडेवरून आले, अंगरखा काढला, आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत.

इवालूला तेव्हा सातवा लागला होता.

नवऱ्यामागं आर्नालुकनं अन्न सोडलं. रुसवा नाही, रडणं नाही, नुसतं खाणं बंद. सील उकडून पुढं ठेवला तर ताट सरकवून भिंतीकडं तोंड करायची. शेजारच्या तंबूतली आतागू येऊन बघून जायची. आतागू मूळची उत्तरेचीच, जरा अलीकडच्या एका बेटावरची. दक्षिणेच्या लोकांना अंधारातली शिकार शिकवायला तिच्या नवऱ्याला इथं आणलं होतं, आणि हे शिकवणं ती बोलण्यातून कधी विसरू देत नसे. "तुम्ही फळं खाणारी माणसं," ती म्हणायची. "अंधार पडला की झोपायचं, एवढंच तुम्हाला ठाऊक. इथं तसं केलंत तर फेब्रुवारीत उठाल." पण म्हातारीकडं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "ही उन्हाळा बघायची नाही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इवालूनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, "मला मामंजी दिसले. स्वप्नात."

आर्नालुक भिंतीकडून वळली. "काय म्हणाले?"

"तंबूच्या दाराशी उभे होते. पाणी मागत होते. तिकडचं, नदीचं."

मेलेला माणूस पोटुशीच्या स्वप्नात येऊन पाणी मागतो तेव्हा त्याला काय हवं असतं, हे तंबूतल्या प्रत्येकाला कळत होतं. त्याला परत यायचं असतं. कुमाक बाहेर जाऊन कुत्र्यांपाशी उभा राहिला. आर्नालुक उठून बसली. "मग दिलंस का पाणी?"

"दिलं."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली. आणि ताट पुढं ओढलं.

इवालूला स्वप्न पडलं नव्हतं. ती रात्रभर दगडासारखी झोपली होती. पण तिनं विचार केला होता, आणि तो तिच्या दृष्टीनं सरळ होता. नावाबरोबर माणूस येतो, माणसाबरोबर त्याची ओढ येते. तुलुगाक तिकडची ओढ घेऊन गेले. परत आले तर तीच ओढ घेऊन येतील. कुमाक स्वतः कधी ठरवणारा नव्हता. बाप म्हणेल तिकडं गाडी हाकणारा. तो बाप पुन्हा घरात हवा होता, तिकडं चला म्हणणारा. म्हातारी जेवू लागली हे बरंच झालं, पण इवालूनं ते तिच्यासाठी केलं नव्हतं.

पोर झालं. आर्नालुकनं त्याला पुसून छातीशी धरलं आणि म्हणाली, "अहो, किती वेळ लावलात."

पुढची वर्षं इवालूनं वाया घालवली नाहीत. पाठीच्या झोळीत मामंजींना घेऊन ती गोड्या पाण्यासाठी हिमनगाचे तुकडे फोडायला जायची, तेव्हा कुऱ्हाडीच्या घावागणिक सांगायची: तुमची नदी अशी नव्हती मामंजी, तिथं नुसतं भांडं बुडवायचं. अंधाराच्या महिन्यांत चरबीच्या दिव्याशी बूट शिवताना ती त्यांना हंसांचे थवे सांगायची, फळांनी काळे झालेले हात सांगायची, त्यांची पालथी घालून ठेवलेली होडी सांगायची.

"आठवते ना होडी?"

"आठवते," मामंजी म्हणायचे. "लाल होती."

होडी लाल नव्हती. पण इवालू म्हणायची, "बघा, आठवतं की तुम्हाला."

आतागू हे ऐकून हसायची. "एवढं घोटून घेतेयस म्हाताऱ्याकडून! पहिल्या खेपेचं विसरला की काय?"

"नवे दात आल्यावर सगळंच आठवतं असं नाही," इवालू म्हणायची.

त्या उन्हाळ्यात जहाज आलं. माल उतरला, क्षय तपासायला माणसांच्या छातीचे फोटो काढून झाले, आणि मग पोलीस दुभाष्याला घेऊन तुलुगाकच्या तंबूत आला. जहाज यंदा परतताना तुमच्या जुन्या किनाऱ्यावरून जाणार आहे, तो म्हणाला. पुन्हा जाईल की नाही सांगता येत नाही. जागा थोडी आहे. एका घराला नेता येईल. तुम्ही सारखं विचारत होतात म्हणून आधी तुम्हाला. पण कुत्री नेता येणार नाहीत. परवा सकाळी निघेल.

दुभाष्यानं सांगून संपवलं तरी इवालूच्या हातातली सुरी कातड्यावर तशीच होती. कुमाकनं मान हलवली. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. "बाबांना विचारतो," तो म्हणाला.

पोलिसानं इकडंतिकडं बघितलं. "ह्याचे वडील आहेत?"

"बाहेर खेळतायत," आर्नालुक म्हणाली.

मामंजी आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. त्यांना बसवलं, चहा दिला, साखर घातलेला जाड रोट दिला. कुमाक त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. इवालूनं इतकी वर्षं ह्या बसण्याची वाट बघितली होती. उत्तराची तिला काळजी नव्हती.

"बाबा," कुमाक म्हणाला, "जहाज तिकडं जातंय. आपल्याला नेतो म्हणतात. काय करायचं?"

मामंजींनी रोट चावला. "नदीकडं?"

"हो, नदीकडं," इवालू मध्येच म्हणाली. "तुमची होडी आहे तिकडं."

"कुत्री?"

"कुत्री नाही नेत म्हणतात," कुमाक म्हणाला.

मामंजी विचार करू लागले. ते विचार करतायत हे गालातल्या रोटावरून कळत होतं. चावणं थांबलं होतं. काळ्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यांचे डोळे आदल्याच दिवशी उघडले होते. "मग नको," ते म्हणाले. "कुत्र्यांना सोडून नाही जायचं. इथंच राहू."

 मग आर्नालुक खुदकन हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ऐकलंस?" ती कुमाकला म्हणाली. "तरुणपणी एकदा बर्फ फुटत होता. सगळे म्हणत होते गाडी सोडा, पळा. तेव्हा हेच म्हणाले होते. शब्दाला शब्द."

कुमाक पुढं सरकून बसला. बाप गेल्यापासून त्यानं बापाला इतकं जवळून ऐकलं नव्हतं.

"मामंजी, तिकडंही कुत्री आहेत," इवालू म्हणाली.

"ती माझी नाहीत."

"पिल्लं मिळतील. कितीतरी."

"अगं, त्यांनी सांगितलं ना," आर्नालुक म्हणाली. आवाज कडक नव्हता. सून थोरल्या माणसाशी वाद घालत होती, एवढंच तिनं दाखवून दिलं.

इवालू बाहेर आली. आतागू तिच्या तंबूपुढं माशांचे काप वाळत घालत होती. तंबूचं कापड पातळ असतं, तिला सगळं कळलेलं होतं.

"तू एकटी जा," आतागू म्हणाली. "आईला भेट. बाकीचं नंतर बघता येईल."

"आणि ह्यांचे बूट कोण शिवेल? म्हातारीला आता सुई दिसत नाही. पहिल्या थंडीत दोघांचे पाय जातील."

"मी शिवीन."

"तुमच्याकडची शिलाई? पाणी आत येतं त्यातून."

"येतं, पण आत आलेलं बाहेर जात नाही, इतकी घट्ट असते," आतागू म्हणाली. दोघी जरा हसल्या. मग आतागू म्हणाली, "नाहीतर कुमाकला सांग, पोर आहे ते. पोराच्या बोलण्यावर घर ठरतं का?"

हे आतागूनं सहज म्हटलं. तिच्या स्वतःच्या घरी तिची मावशी चार वर्षांची होती आणि आतागू तिला विचारल्याशिवाय मांस वाटत नसे. पण इवालू तिथंच खडीवर उभी राहिली. एक वाक्य होतं. मला स्वप्न पडलं नव्हतं. एवढं म्हटलं की तंबूत बसलेलं ते नुसतं पोर ठरत होतं; भिजलेल्या बुटांचं, दात पडलेलं, कुत्र्याच्या पिल्लांसाठी हट्ट करणारं. पोराच्या हट्टावर जहाज सोडत नाहीत. कुमाक स्वतः ठरवेल, त्याला ठरवावंच लागेल. परवा निघायचं, आणि महिन्याभरात आई.

ती परत तंबूत शिरली. वाक्य तोंडात तयार होतं.

आर्नालुकनं मामंजींचे ओले बूट काढले होते. त्यांचे दोन्ही पाय तिनं आपल्या अंगरख्याखाली पोटाला लावून धरले होते आणि ते गरम होईपर्यंत बोलत होती. "एकदा गेलात, मी काही म्हटलं नाही. आता जाल तर बघा. आता आधी मी जाणार." मामंजी पोटावर पायाची बोटं हलवून तिला गुदगुल्या करत होते. कुमाक कोपऱ्यात बापाच्या बुटांचे बंद पिळत होता, आणि गुणगुणत होता. इवालूनं त्याला कित्येक वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तिनं तिघांकडं बघितलं. तिचं वाक्य बाहेर पडलं तर म्हातारीचा नवरा त्या क्षणी दुसऱ्यांदा मरणार होता, आणि या खेपेला त्याला परत यायला वाट उरणार नव्हती. कुमाकचा बाप मरणार होता. आणि पोराचं काय होणार होतं, हे तिला नीट कळेचना. ज्याचं नाव त्याचं नव्हतंच, तो उद्यापासून कोण? आणि शब्दाला शब्द, म्हातारी म्हणाली होती. बर्फ फुटत होता ती गोष्ट इवालूनं कधी ऐकलेली नव्हती, म्हणजे पोराला ती शिकवलेलीही नव्हती. स्वप्न खोटं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणूस खोटा होता का, हे आता तिला सांगता येत नव्हतं.

"चहा घेणार का आणखी, मामंजी?" ती म्हणाली.

"साखर घालून," मामंजी म्हणाले.

जहाज निघायच्या सकाळी ती किनाऱ्यावर गेली. तिच्या जागी दुसरं एक घर निघालं होतं. त्या घरातल्या बाईला तिनं निरोप दिला. बाई म्हणाली, "काय सांगू तुझ्या आईला? का आली नाहीस म्हणून?"

"सांग, तुलुगाक नाही म्हणाले."

"एवढंच?"

"तिला कळेल."

पिल्लांतली दोन जगली. पुढं ती कुमाकच्या गाडीला लागली आणि चांगली निघाली. मामंजींना नवे दात आले. अंधार आला आणि गेला. इवालू एकटीच हिमनग फोडायला जायची. मामंजी आता पुरुषांबरोबर जात होते, आणि तिचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं. पोलिसाची बदली झाली, नवा आला. त्यानं माणसं मोजायला येऊन तेच विचारलं आणि त्याला तेच उत्तर मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यातल्या जहाजावर तिकडचा एक माणूस होता. खलाशांना मदत करायला घेतलेला. त्यानं इवालूला शोधून काढलं आणि खडीवर तिच्याशेजारी बसला. आधी बराच वेळ तो शिकारीचं बोलला. मग म्हणाला, "निंगिउक हिवाळ्यात गेली. खोकला झाला होता."

इवालूनं मान हलवली.

"दात शेवटपर्यंत चांगले होते," तो म्हणाला. "त्यानंतर महिन्याभरात कुआराकच्या सुनेला मुलगी झाली. तिला नाव दिलंय. तेव्हा आहे ती, तिकडंच. बरी आहे. रडते फार."

कुआराकच्या सुनेला इवालू ओळखत नव्हती. ती मागून आली असणार. म्हणजे आई आता कुणा अनोळखी बाईच्या पाठीवर होती आणि इवालू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली असती तरी तिनं ओळखलं नसतं. पोटुशीला स्वप्न पडलं असेल, इवालूच्या मनात आलं. किंवा पडलं नसेल.

"जहाज जाणार तिकडं?" तिनं विचारलं.

"यंदा नाही. सामान दिलंस तर पोचेल पण. दक्षिणेच्या बंदरात उतरेल, तिथून पुढच्या वर्षीच्या बोटीनं."

ती तंबूत गेली, सीलचं एक बारीक केसांचं कातडं काढलं आणि आतागूकडं गेली. आतागूच्या घरी तान्हं होतं. इवालूनं त्याचा पाय हातात घेऊन बोटांनी मापून बघितला.

"कुणाचे बूट?" आतागूनं विचारलं.

"आईचे."

आतागूनं मान डोलावली. "केवढी आहे?"

"अजून पावलं टाकत नसेल. पण पोचेपर्यंत दीड-दोन वर्षांची होईल."

"मग मोठे काप. पोरींचे पाय भराभर वाढतात."

इवालूनं कातडं गुडघ्यावर पसरलं, सुरीच्या टोकानं तळव्याची रेघ ओढली, ती पुसली आणि दोन बोटं सोडून पुन्हा ओढली.